मोटार का जळते? महासाथ आणि कमावत्या माणसाचे मन

‘कोविड गेला, पण त्यानंतर मी काही पूर्वीसारखा राहिलो नाही,’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेगवेगळ्या माणसांकडून ऐकले आहे की ते बोलण्याची एक पद्धत म्हणून सोडून देता येत नाही. बँकेतील रोखपाल, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका, रिक्षाचालक, सॉफ्टवेअर कंपनीतील तरुण अशी ही माणसे आहेत. कोणाची झोप तुटक झाली आहे, कोणाला सोमवारची सकाळ नकोशी वाटते, तर कोणी क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर खेकसतो आणि मग रात्रभर स्वतःलाच दोष देत बसतो. दरम्यान आठवड्याला ७० तास काम करावे की ९०, यावर देशात वाद झडला, आणि २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने आठवड्याला ६० तासांहून अधिक काम प्रकृतीला अपायकारक ठरू शकते, याची नोंद घेतली. या वादात एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ज्याच्याकडून आणखी तास मागितले जात आहेत तो माणूस नुकताच एका महासाथीतून बाहेर पडला आहे, आणि त्या काळात त्याच्या मनाचे नेमके काय झाले, हे त्यालाही कोणी नीट समजावून सांगितलेले नाही.

टाकी भरली तरी मोटार चालूच

ताण हा मुळात आजार नव्हे. समोर संकट दिसले की मेंदू शरीराला सावध करतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडतात, छाती धडधडू लागते, स्नायू ताठरतात, रक्तातील साखर वाढते आणि पचनासारखी जी कामे थोडा वेळ थांबली तरी चालतील ती मागे पडतात. संकट टळले की हेच शरीर काही वेळात पूर्वपदावर येते. घरी कार्य असताना किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री आपण एरवी झेपणार नाही एवढे काम उरकतो, ते याच व्यवस्थेच्या बळावर.

इमारतीच्या तळाशी पाण्याचा पंप असतो, तो गच्चीवरची टाकी भरतो आणि टाकी भरली की ऑटो-कट त्याला बंद करतो, हे शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेले आहे. काम जड झाले म्हणून ही मोटार सहसा जळत नाही, कारण काम तर ती रोजच करते. ती जळते तेव्हा बहुधा ऑटो-कट बिघडलेला असतो, किंवा खालच्या टाकीत पाणीच नसताना ती तासन् तास कोरडी फिरत राहिलेली असते. आधी तिचा आवाज बदलतो, मग ती तापते, जिन्यात जळका वास येऊ लागतो, आणि वाइंडिंग गेल्यावर सोसायटीची धावाधाव सुरू होते.

महासाथीने नेमका हा ऑटो-कट निकामी केला. पूर ओसरतो, आग विझते, आणि ‘आता झाले’ असे सांगणारा एक क्षण तरी येतो. २०२० मध्ये तो क्षण आलाच नाही. २४ मार्चच्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि लोकांनी मनाशी २१ दिवसांचा हिशेब मांडला. मग तारीख ३ मे झाली, त्यानंतर १७ मे, नंतर ३१ मे. पुढे निर्बंध सैल झाले, जिवात जीव आला, आणि २०२१ च्या वसंतात दुसरी लाट पहिलीपेक्षाही भयानक होऊन आली. माणूस मोठे दुःख सोसू शकतो, पण ज्याला शेवटची तारीखच नाही अशी वाट पाहणे त्याला फार जड जाते. धोका टळल्याची खूण मिळत नसेल तर शरीर सावधच राहते, आणि काही तासांसाठी बनलेली व्यवस्था महिनोन् महिने चालत राहते. झोप उडणे, विसराळूपणा, अंगदुखी, चिडचिड हा त्या मोटारीचा बदललेला आवाज होता.

थकवा, बर्नआउट आणि नैराश्य यांत फरक काय?

हे शब्द हल्ली सरसकट वापरले जातात, म्हणून ते एकदा वेगळे करून घेतलेले बरे. थकवा विश्रांतीने जातो. चार दिवस गावी जाऊन आले आणि माणूस ताजातवाना झाला, तर तो थकवाच होता. बर्नआउट सुट्टीने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये, म्हणजे कोविड येण्याच्या काही महिने आधी, त्याची व्याख्या केली आणि तो आजार नसून कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे म्हटले. अंगात त्राण न उरणे, कामाबद्दल मन विटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे, या तिच्या तीन खुणा आहेत. यातली दुसरी खूण घरच्यांच्या लक्षात आधी येते, कारण जो माणूस आपल्या कामाविषयी उत्साहाने बोलत असे तो ‘जाऊ दे, काय फरक पडतो’ म्हणू लागतो.

नैराश्य हा मात्र आजार आहे आणि तो कामापुरता थांबत नाही. कशातही रस न वाटणे किंवा मन खिन्न असणे, आणि त्यासोबत भूक, झोप, एकाग्रता बिघडणे हे दिवसाचा बहुतांश वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकले तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. चिंताविकारात याउलट मन सतत पुढच्या वाइटाचा अंदाज घेत राहते. बर्नआउट झालेला माणूस रविवारी नातवंडांत किंवा क्रिकेटच्या सामन्यात रमू शकतो, पण नैराश्यात तो रविवारही फिका पडतो. अर्थात एकाचे दुसऱ्यात रूपांतर होऊ शकते, म्हणून जळका वास आल्यावर धूर निघण्याची वाट पाहू नये.

काम कितीही असो, हातात काय आहे?

आमच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ राष्ट्रीयीकृत बँकेत रोखपाल आहेत. टाळेबंदीत बँका अत्यावश्यक सेवेत होत्या. केंद्र सरकारने एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा केले, आणि ते काढण्यासाठी शाखेबाहेर उन्हात रांगा लागल्या. पाचशे रुपयांसाठी तीन तास उभ्या राहिलेल्या बाईला ‘अंतर ठेवा’ असे सांगताना जीभ जड व्हायची, असे ते म्हणत. घामेजलेल्या हातातून आलेल्या नोटा ते हातमोजे घालून मोजत, आणि मोज्यातून नोट सुटत नाही म्हणून दुपारनंतर मोजे काढून ठेवत. रात्री घरी आल्यावर दाराबाहेर ठेवलेल्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत कपडे टाकून ते थेट न्हाणीघरात जात. जेवणाचे ताट त्यांच्या खोलीबाहेर स्टुलावर ठेवलेले असे, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी पॅसेजच्या टोकाला उभी राहून विचारी, ‘बाबा, आता येऊ का?’ ‘उद्या ये,’ हे उत्तर त्यांनी तीन महिने दिले.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक साधी गोष्ट येथे फार उपयोगी पडते. काम किती आहे, एवढ्यावरून त्याचा ताण ठरत नाही. ते काम कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा माणसाला किती आहे, हेही पाहावे लागते. मागणी भरपूर आणि मुभा अत्यल्प, ही जोडी सर्वांत वाईट. स्वतःच्या दुकानात १२ तास राबणारा माणूस आणि कोणीतरी लावून दिलेल्या पाळीत १२ तास अडकलेला माणूस सारखेच दमतात, पण खचतो तो बहुधा दुसरा. आमच्या शेजाऱ्यांच्या हातात तर शाखेची वेळ नव्हती, रांगेची लांबी नव्हती, मास्कचा पुरवठा नव्हता आणि मुलीला जवळ घेणेही नव्हते. महासाथीने एका फटक्यात असंख्य लोकांची कामाची मागणी वाढवली आणि मुभा काढून घेतली, हे या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे, असे मला वाटते.

घरून काम म्हणजे आराम नव्हता का?

ज्यांना घरून काम करता आले ते नशीबवान होते, यात वाद नाही, कारण त्यांचा पगार चालू राहिला आणि संसर्गाचा धोका कमी झाला. तरीही त्यांच्या मनावर ताण का आला, हे समजण्यासाठी मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणावी. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारा सव्वा तास हा त्रासच असतो. पण त्या सव्वा तासात घरचा माणूस ऑफिसचा होतो आणि परतीच्या गाडीत ऑफिसचा माणूस पुन्हा घरचा होतो. डब्यातला ठरलेला ग्रुप, भजनी मंडळ, संध्याकाळी गवारीच्या शेंगा मोडत गप्पा मारणाऱ्या बायका, या सगळ्याने मन एका कामातून सुटून दुसऱ्यात शिरे. म्हणजे घर आणि ऑफिस यांच्यामध्ये एक उंबरठा होता. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, आणि सर्वसामान्य प्रवाशाला कोणत्याही वेळी प्रवास करता येण्यासाठी, तेही लशीच्या दोन मात्रा घेतल्यावर, १५ ऑगस्ट २०२१ उजाडावे लागले. उंबरठा गेल्यावर काम घरात शिरले आणि जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, अगदी देवघराच्या कोपऱ्यातही बसले. रात्री साडेदहाचा मेसेज ‘पाहिला’ अशी खूण साहेबाला दिसते, म्हणून उत्तर देणे भाग पडू लागले.

बायकांच्या बाबतीत हे दुहेरी झाले. महासाथीच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली होती. घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांत बायकांची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, तर पुरुषांची ९७. हे कामवाल्या बाई येत असतानाचे, मुले शाळेत जात असतानाचे आणि डबेवाल्यांपासून खाणावळीपर्यंत सगळे सुरू असतानाचे चित्र आहे. ही मदत एका रात्रीत थांबली तेव्हा वाढलेला भार कोणावर पडला असेल, हे वेगळे सांगायला नको. २०२० या वर्षाचा जागतिक अंदाज मांडणारा जो मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही नैराश्य आणि चिंताविकारांची वाढ स्त्रियांत आणि तरुणांत अधिक दिसली.

ज्यांचे पोट हातावर आहे त्यांचे काय?

मनाचे आजार ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. एकट्या एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ कोटी लोकांचा रोजगार गेला, असा अर्थव्यवस्थेची आकडेवारी गोळा करणाऱ्या ‘सीएमआयई’ या खासगी संस्थेचा अंदाज होता. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले, आणि रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या. त्याच वाटेने चालत जे सुखरूप गावी पोहोचले, आणि पुढे पुन्हा त्याच शहरात कामाला आले, त्यांच्या मनात ती वाट नाही, असे कोण म्हणेल? २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत देशात नोंदल्या गेलेल्या आत्महत्यांपैकी जवळपास प्रत्येक चौथी व्यक्ती रोजंदारीवर काम करणारी होती. हे सगळे महासाथीमुळेच झाले, असे या आकड्यावरून म्हणता येत नाही, कारण हे प्रमाण आधीच वाढत होते. पण हे दुःख सुखवस्तू लोकांपुरते आहे, हा समज टिकण्यासारखा नाही.

राज्यातील सुमारे ७० हजार आशा सेविकांची स्थिती आणखी निराळी होती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. कागदोपत्री त्या कर्मचारी नसून स्वयंसेविका आहेत, त्यामुळे त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो. कित्येक घरांनी त्यांना पाहून दार लावून घेतले. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. काम वाढते, धोका वाढतो आणि मान मात्र मिळत नाही, तेव्हा मनाला लागणारी जखम केवळ थकव्याची नसते.

संकट संपल्यावर त्रास का सुरू झाला?

‘त्या दिवसांत मी खंबीर होतो, मग आत्ता का असे होते?’ हा प्रश्न फार जणांना पडतो. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा दिली आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत चालली. हप्ता थांबला, पण व्याज चढतच होते, आणि स्थगिती उठल्यावर अनेकांना आपले कर्ज वाढलेले दिसले. मनाचेही तसेच झाले. घरात रुग्ण असताना, ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर फोन फिरवताना, रडायला आणि घाबरायला सवड नव्हती, म्हणून मनाने ते हप्ते पुढे ढकलले. अंत्यसंस्काराला चार माणसे जमू शकली नाहीत, दहाव्याला कोणी आले नाही, गळ्यात पडून रडता आले नाही, तेही बाकीच राहिले. सारे सुरळीत झाल्यावर ही थकबाकी एकदम समोर आली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण त्या दिवशी कोणाच्या मनाचा हिशेब बंद झाला नाही. काहींच्या बाबतीत तर कोविडनंतरचा दम आणि थकवा शारीरिकच असतो, म्हणून ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून त्यांना वाटेला लावणे अन्यायाचे आहे.

आपल्या पणजोबांनी प्लेग काढला, त्यांना कुठे असे झाले?

त्या काळी मृत्यूंची मोजदाद झाली, मनांची कोणी केली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले, म्हणजे त्यांच्या हातात निदान पळून जाणे तरी होते. १८९७ मध्ये पुण्यात गोरे शिपाई तपासणीसाठी माजघरात आणि देवघरात शिरले, माणसांना घरातून उचलून छावणीत नेले, आणि लोकांचा संताप रोगापेक्षा त्या जुलमावर अधिक होता. आपल्याच घरावर आपली सत्ता उरली नाही, ही भावना तेव्हाही सर्वांत झोंबणारी होती. त्या पिढीला नैराश्य हा शब्द ठाऊक नव्हता. ‘हाय खाल्ली’ हा शब्द मात्र होता, आणि तो उगाच रूढ झालेला नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो रास्त आहे. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर नैराश्य आणि चिंताविकार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. उलट ‘बीएमजे’ या नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, बहुतेक श्रीमंत देशांतल्या लोकांची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली असता, सरासरी बदल अगदी थोडा दिसला, तरी स्त्रियांची स्थिती मात्र बिघडलेली आढळली. यात मला विरोध दिसत नाही. वर्गात काही मुलांचे गुण वाढले आणि काही नापास झाली तर वर्गाची सरासरी जिथल्या तिथे राहते, पण नापास झालेल्या मुलाच्या आईला त्या सरासरीचा काय उपयोग? पाऊस सगळीकडे सारखा पडला तरी गळते ते पत्र्याचे छप्पर. म्हणून ‘अमका सावरला, मग तू का नाही?’ हा प्रश्न विचारण्याआधी त्याच्या डोक्यावर कोणते छप्पर होते ते पाहावे.

मग करायचे काय?

बिघाड मुभा गमावल्याने झाला असेल, तर दुरुस्तीही तिथूनच सुरू होते. पाळीचे वेळापत्रक आधी कळणे, रात्रीच्या मेसेजला सकाळी उत्तर चालणे, आजारी पडल्यास रजा मागताना अपराधी न वाटणे, या गोष्टी योगाच्या एका सत्रापेक्षा अधिक काम करतात, आणि त्या मालकाच्या हातात आहेत. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून महासाथीच्याही आधी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, कारण थायरॉईड किंवा बी-१२ ची कमतरताही असाच त्रास देते. २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले होते, आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आता ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर हा फोन आजच करावा, उद्यावर टाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे, म्हणून आपली पॉलिसी एकदा काढून वाचावी.

आमचे शेजारी २०२२ च्या पावसाळ्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. नोटा मोजताना हात थरथरू लागले, म्हणून ते गेले होते, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. गोळ्या आठ महिने चालल्या. आता ते स्टेशनवरून रिक्षा न करता चालत घरी येतात. मुलगी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापाशी उभी असते, आणि तिथून घरापर्यंत दप्तर तिचे आणि बॅग त्यांची, अशी अदलाबदल करून दोघे येतात. त्या वीस मिनिटांत शाखेतून फोन आला तर ते उचलत नाहीत, आणि शाखेत आता सगळ्यांना ते ठाऊक आहे.